काचंतली इंदू

सुगी आली की लोक खुशीत असत्यात. मला राग येतो.

तुमी म्हनाल, म्हातारी हाय, गुडघं दुखत असत्याल, म्हनून चिडती. गुडघं तर बारा महिनं दुखत्यात. राग मातूर सुगीतच येतो. जवारीचा वास नाकात गेला की येतो. वाळत आलेल्या जवारीला एक गोडसर वास असतो, उन्हात तापलेल्या पाल्याचा, आन् त्यात उपटलेल्या मातीचा वास मिसळतो. बायका वाकून धाटं उपटत्यात, मुळाची माती पायावर आपटून झाडत्यात. धप, धप, असा आवाज समद्या शिवारात चालू असतो. पाला हाताला कापत जातो. घाम लागला की चरचरतं. मी आता बांधावर बसते, वाकता येत न्हाय. पोरी म्हनत्यात, "आज्जे, गानं म्हन की एखादं."

मी म्हनते, "तुमीच म्हना. माझं नरडं बसलंय."

नरडं बसलेलं न्हाय. भांडायला लावा, मग बघा. पर सुगीत माझ्या तोंडातनं गानं निघत न्हाय. एका सुगीत गेलं, ते पुन्हा आलं न्हाय.

आमचं गाव माकनीच्या अलीकडं. आता तिथं धरन हाय, तवा न्हवतं. तवा तेरना पावसाळ्यात वाहायची आन् उन्हाळ्यात आमी तिच्या वाळूत झरं उकरून वाटीनं पानी भरायचो. त्या सुगीच्या आदी मोठा दुष्काळ पडून गेला व्हता. आमी समदी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. मी ओली बाळंतीन व्हते तवापसनं इंदूला संगं न्यायची. बाभळीच्या उलशा सावलीत पाटीत निजवायची, वर लुगड्याचा पदर टाकायची. खडीची धूळ तिच्या पापन्यांवर बसायची, मी फुंकर मारून उडवायची. रेशनवरच्या तांबड्या मिलो जवारीची भाकर खायचो, ती घशाखाली उतरत न्हवती. कामावर सुकडी वाटायचे, ती तेवढी गोड लागायची. माझ्या अंगावरचं दूध आटलं. इंदू भाकरीचं पानी पिऊन मोठी झाली.

आन् मग पाऊस पडला. असा पडला की जवारी मानसाच्या डोक्याच्या वर गेली. कनसं मुठीत मावंनात. लोक म्हनायचे, दोन्ही सालं भरून दिली बघा. हुरड्याच्या आगट्या पेटल्या, समद्या रानात धूर आन् गुळाचा वास. हातावर कनीस चोळून गरम हुरडा फुंकायचा, तोंड पोळलं तरी थांबायचं न्हाय.

त्याच सुगीत आमची इंदू बाळसं धरायला लागली. आमी तसंच म्हनायचो. गाल वर आलं, पावलं गुबगुबीत झाली, हात मनगटापशी भरलं. दोन वरसाची पोर, पर मांडीवर घेतली की जड लागायची. मला वाटलं, आली बाई, दुष्काळातनं आली माझी पोर भाईर. शेजारची चुलत सासू म्हनली, "सरे, नजर लागंल गं हिला. तीट लाव. कशी लोन्यावानी झालीया!"

म्या तीट लावली. काजळाचा ठिपका, गालावर एक, तळपायाला एक.

पावलावर बोट दाबलं की खड्डा पडायचा, आन् तो लवकर भरून यायचा न्हाय. आमी त्याला हसायचो. पोरं येऊन बोट दाबून बघायची. आमी काय सूज बघितली न्हवती व्हय? बघितली व्हती, म्हाताऱ्या मानसाच्या पायाची. पर उपाशी लेकरू वाळतं, एवढंच आमाला ठावं. उपाशी लेकरू सुजतं, ही गोष्ट आमाला कुनीच सांगितली न्हवती. केस तांबूस झालं, मक्याच्या शेंड्यावानी. त्याला आमी म्हनलं उनानं झालं. ती रडत न्हवती, हसत बी न्हवती, जिथं ठिवली तिथं बसायची. त्याला आमी म्हनलं गुनाची पोर हाय.

आता हे सांगताना बी माझं मीच बोटं मोडते, पर कुनाच्या नावानं मोडू? अक्कल दुष्काळासंगं वाटत न्हवते. सुकडी वाटत व्हते.

डाक्टर आला तो ऐन काढनीत. धुरळा उडवत जीप आली, सडकंकडच्या बांधाला थांबली. त्यातनं एक उंच, सडपातळ मानूस उतरला. गळ्यात क्यामेरा. संगं दोन-तीन जन. वस्तीतल्या समद्या लेकरांना रांगंत उभं केलं, वजन केलं, दंडाला पट्टी गुंडाळून बघितली. माझ्या इंदूपशी आला आन् थांबला. खाली बसला. तिच्या पावलावर बोट दाबलं. खड्ड्याकडं बघत बसला.

मी म्हनलं, "बाळसं हाय जी, चांगली भरलीया."

डाक्टर म्हनला, "बाई, हे बाळसं नाही. ही सूज आहे. हिला पोटाला डाळ, दूध, अंडं काही मिळालेलं नाही. हिला दवाखान्यात न्यायला पाहिजे."

हे त्यानंच पहिल्यांदा सांगितलं, ते मी नाकारत न्हाय. दुधाची पावडर दिली, गोळ्या दिल्या, कशा द्यायच्या ते दोनदा सांगितलं. डाक्टरनं माझी लेक मारली, असं मी कवाच म्हनले न्हाय. माझा राग त्याचा न्हाय. माझा राग त्याच्या फुडचा हाय.

फुडं तो म्हनला, "हिचे फोटो घ्यायचे आहेत."

आमच्या वस्तीत तवर कुनाचा फोटू निघालेला न्हवता. लगनात बी न्हाय. मला काय वाटलं असंल, तुमीच बघा. म्या इंदूला पळत घरात नेलं. तोंड धुतलं. केसाला तेल लावून चापूनचोपून बसवलं. मामानं दिलेलं तांबडं टोपडं व्हतं, घंट्या लावलेलं, ते घातलं. नवं झबलं घातलं. क्यामेरा म्हनजे हजार नजरा, म्हनून तीट मोठी लावली. कडंवर घेऊन भाईर आले तर डाक्टरनं कपाळाला हात लावला.

"अहो, हे सगळं काढा. टोपडं काढा, झबलं काढा. केस दिसायला पाहिजेत. तेल कशाला लावलं?"

त्याच्या संगतीच्या मानसानं साबनाच्या पान्यानं माझ्या लेकराचं केस धुतलं. कापसाचा बोळा भिजवून गालावरची तीट पुसली. थंडगार औषध लागलं तशी ती उलशी दचकली. केस वाळंपतुर आमी थांबलो. डाक्टर सांगत व्हता, "ही रंगीत फिल्म आहे. काळ्या-पांढऱ्यात केसांचा तांबडेपणा कळत नाही, कातडीचा रंग कळत नाही. म्हणून मुद्दाम ही आणलीय. हिला उजेड अगदी बरोबर लागतो. जरा जास्त झाला तर सगळं पांढरं, जरा कमी झाला तर काळं. चुकलं तर दुरुस्त करता येत नाही."

मग उजेड बरोबर येईना. ऊन डोक्यावर व्हतं. म्हनला, उतरू द्या. आमी थांबलो. शेतात बायकांची पात फुडं चालली व्हती, माझी ओळ मोकळी पडली व्हती, मुकादम बांधावरनं वरडत व्हता, "ए, फोटूवाली! राणीसाहेब! येतीस का न्हाय?" डाक्टर उजेड मोजायची एक घड्याळावानी डबी इंदूच्या तोंडापशी धरायचा, बघायचा, मान हलवायचा. परत थांबायचा. ऊन उतरून कडब्याच्या गंजीवर आलं, गंजीवरनं पिवळा-पांढरा उजेड आमच्या दारात पडला, तवा तो उठला. दोघांनी मागं निळं फडकं धरलं. मला म्हनला, "बाई, तुम्ही बाजूला व्हा, फक्त हात दिसू दे. तिला नुसता आधार द्या."

म्हनून मी कडंला झाले, आन् एका हातानं तिला धरून उभी ऱ्हायले. फुडनं, मागनं, पायाचं, केसाचं, असं खट खट करून त्यानं फोटू काढलं. मधीच फिलीम सपली तर जीपच्या सावलीत वाकून, काळं फडकं घेऊन दुसरी भरली. लई जपून. तान्ह्या लेकराला उचलावं तसं त्या फिलमीच्या डबीला उचलत व्हता.

सपल्यावर म्या पदर सारखा केला आन् म्हनलं, "डाक्टर, ह्यातला एक मला द्याल का? कवा बी द्या. तालुक्याला येऊन घेऊन जाईन."

तो हसला. वंगाळ न्हाय हसला, चांगलाच हसला. म्हनला, "बाई, हा कागदावरचा फोटो नसतो. ही स्लाईड. क्यामेऱ्यात जी फिल्म आहे, तीच धुवून काचेत बसवायची आणि भिंतीवर उजेडानं पाडायची. हिची कापी निघत नाही. एक म्हणजे एकच असते."

मी म्हनलं, "बरं." दुसरं काय म्हननार? एकच हाय म्हनला. एकच असलेली वस्तू कोन कुनाला देतं?

सुगी सरायच्या आत इंदू गेली. बैलगाडीत कडबा टाकून, त्यावर वाकळ टाकून दवाखान्यात नेली व्हती. लई उशीर झाला म्हनले. ह्याच्यावर मी जास्त बोलत न्हाय. गाडी परत आली तवा खळ्यात रास पडलेली व्हती. पांढरीशुभ्र, मोत्यावानी जवारी, कंबरंएवढी. तिच्यावर ऊन पडलं व्हतं. मी त्या राशीपशी उभी ऱ्हायले आन् मला असा राग आला, असा राग आला, की लाथ मारावी वाटली. अन्नाला लाथ मारत न्हायत, म्हनून मारली न्हाय. घरात जाऊन पीठ मळलं. घरात दुसरी बी मानसं व्हती, जेवायची व्हती.

मानसाला वाटतं, लेकराचं तोंड इसरनार न्हाय. इसरतं. आदी आवाज गेला. मग हसनं गेलं. नाक कसं व्हतं ते गेलं. फुडं दोन पोरं झाली, एक पोरगी झाली, त्यांची तोंडं तिच्या तोंडावर बसत गेली. सारवलेल्या भिंतीवर परत सारवावं तसं. मालक जिवंत व्हतं तवर मी त्यांना इचारायची, "अवं, इंदूचं डोळं कसं व्हतं?" ते म्हनायचे, "तुझ्यावानी." मी आरशात बघायची. आरशात मीच दिसायची. मालक बी गेले, मग इचारायला बी कोन ऱ्हायलं न्हाय.

आन् आता बघा. नातवाचं लेकरू शिंकलं तरी फोटू. दूध प्यालं फोटू, ओकलं तरी फोटू. त्याची आई म्हनती, "आज्जी, मोबाईल भरला, काही काढून टाकावे लागतील." आन् बोटानं ढकलत, ढकलत, पुसून टाकती. मी बघत बसते. एकदा न ऱ्हावून म्हनलं, "नगं पुसू गं." तर म्हनली, "अहो, असलेच आणखी शंभर हायेत."

हे औंदाच्या सुगीत झालं. माझी नात सुजाता, थोरल्याची लेक. उस्मानाबादला, म्हनजे आता धाराशिव म्हनत्यात, तिथं एका फोटूच्या दुकानात हाय. जुनं फोटू कम्प्युटरात घालायचं काम करती. एक दिस न कळवता गावाकडं आली. मी ओसरीवर जवारी पाखडत बसले व्हते. आली ती आली, चप्पल बी न काढता माझ्यापशी बसली, माझा डावा हात धरला आन् बांगड्या वर सारल्या.

माझ्या मनगटाच्या वर गोंदलेला इचू हाय. लहानपनी गोंदनारीन आली तवा मी दुखतंय म्हनून हात वढून घेतला, त्यामुळं इचवाची शेपटी अर्धीच ऱ्हायली. सुजाता उलशी असताना त्या शेपटीवरनं बोट फिरवून म्हनायची, "आज्जे, हा चावत न्हाय, ह्याची नांगी तुटली."

ती इचवाकडं बघत ऱ्हायली. मग मोबाईल काढला.

"आज्जे, एका म्हाताऱ्या डाक्टरांनी त्यांच्या स्लाईडीची खोकी घरी बोलावून माझ्या हाती दिलीत. पुस्तक काढायचंय म्हनं त्यांना. मी एकेक पुसून, मशीनमधी घालून काढतीया. मशीनचा उजेड खालून सरकत जातो आन् फोटू कम्प्युटरवर येतो. त्यातली ही एक आली. बघ, हा हात कुनाचा?"

निळं फडकं. तांबडं केस. एक हात, त्या हातावर इचू, शेपटी अर्धी. आन् हाताच्या आधारानं बसलेलं लेकरू, उघडं. पावलं फुगलेली. मी म्हनलं, तोंड बघू. तोंड बघितलं तर डोळ्यावर काळी पट्टी. या कानापसनं त्या कानापतुर, आडवी, काळीकुट्ट.

मी म्हनलं, "हे काय केलं?"

"डाक्टरांनी चिकटवलीया, आज्जे. रोग्याची वळख पटू नये म्हनून तसं करत्यात."

"आन् हे कडंला इंग्रजीत काय लिहिलंय?"

सुजातानं रोगाचं नाव वाचलं. लई लांबलचक नाव.

"हे तिचं नाव न्हाय," म्या म्हनलं. "तिचं नाव इंदू."

सुजाता रडाय लागली. मी न्हाय रडले. मी म्हनलं, "ही पट्टी निघती का?"

ती म्हनली, "फिलीम दोन काचांच्या मधी बसवलीया, आज्जे. पट्टी वरच्या काचंवर हाय, फिलीमवर न्हाय. खाली डोळं हायेत. पर डाक्टर सर म्हनले व्हते, काच उघडू नकोस, हाय तशीच काढ."

खाली डोळं हायेत. सूप तिथंच ठिवलं म्या. दुसऱ्या दिशी पयल्या गाडीनं आमी धाराशिवला निघालो. खिडकीतनं समदीकडं जवारी निघताना दिसत व्हती. मी तोंड फिरवून बसले.

डाक्टरचं घर चांगलं हाय, दारात जास्वंद. मशीन त्यांनी घरीच आनून ठिवायला लावलीया, स्लाईडी घराभाईर जाऊ नयेत म्हनून. डाक्टर आता लई म्हातारा झालाय. काठी टेकत आला. हात थरथरत व्हतं. "या, या. सुजाता, ह्या कोण?"

सुजाता म्हनली, "सर, ही माझी आजी. त्या निळ्या फडक्याच्या स्लाईडमधल्या मुलीची आई."

तो थांबला. म्या बांगड्या वर करून हात फुडं केला. त्यानं चष्मा सारखा केला, वाकून बघितलं, आन् त्याच्या तोंडावर हसू आलं. खरंच आलं. पाव्हना भेटल्यावानी.

"अरे! हाच तो हात! बाई, हा हात मी सगळं आयुष्य भिंतीवर बघत आलोय. मेडिकल कॉलेजात किती मुलं शिकली ह्या स्लाईडवर! ह्या रोगाची ह्यापेक्षा चांगली स्लाईड कुणाकडंच नव्हती. काय उजेड होता त्या दिवशी! कडब्याच्या गंजीवरून येत होता, आठवतं?"

मी म्हनलं, "उजेड तुमच्या ध्यानात हाय. लेकरू हाय का?"

तो खुर्चीपतुर गेला. मग बसला. काठी मांडीवर आडवी घेतली. "खरं सांगू? नाही. स्लाईड आठवते. मूल नाही आठवत."

खरं बोलला म्हनून मी बी बसले. न्हायतर उठून आले असते.

"तुमी हिला भिंतीवर पाडली," म्या म्हनलं. "किती डाक्टरांनी बघितली?"

"पुष्कळ."

"म्हनजे समद्यांनी बघितली. उघडी बघितली. मीच तेवढी न्हाय बघितली. मी तिचं तोंड इसरले, डाक्टर. तुमच्या भिंतीवर व्हतं, आन् मी आरशात हुडकत व्हते."

तो म्हनला, "बाई, ह्या चित्रामुळं पुढं किती लेकरं वेळेत ओळखली गेली, हेही खरं आहे."

"खरं असंल. चांगलं झालं. मला इचारलं असतं तर मीच म्हनले असते, दाखवा, समद्यांना दाखवा, दुसऱ्या बाईला तरी कळू द्या ही सूज हाय म्हनून. पर मला कुनी इचारलं? टोपडं काढा म्हनलात, काढलं. बाजूला व्हा म्हनलात, झाले. आन् ही पट्टी कशापायी?"

"ओळखू येऊ नये म्हणून. तुमच्याच भल्यासाठी."

"कुनाला वळखू येऊ नये? आमच्या वस्तीतलं कोन तुमच्या कालेजात येनार व्हतं? चोराला कोर्टात नेत्यात तवा तोंड झाकत्यात. माझ्या लेकरानं काय चोरलं व्हतं? मी तर तिला वळखायलाच आले हाय. काढा ती पट्टी."

डाक्टरची सून पानी घेऊन आली व्हती, ती तशीच दारात उभी ऱ्हायली.

डाक्टर म्हनला, "मी तुम्हाला मोठा फोटो करून देतो. फ्रेम लावून."

"पट्टीसकट?"

त्यानं टेबलावरचं स्लाईडीचं खोकं जवळ वढलं.

"काच उघडता येत नाही, बाई," तो म्हनला. "इतक्या पावसाळ्यांची दमट हवा बसलीय आत. फिल्म काचेला चिकटली असेल. ओढली तर रंग सोलून निघेल. आणि ही एकच आहे. हिच्यासारखी दुसरी नाही."

मग माझा आवाज चढला. चढला तर चढला.

"तवा बी तुमी हेच म्हनला व्हता. एकच असती, म्हनून मला दिली न्हाय. आता बी एकच हाय म्हनून उघडत न्हाय. इंदू बी एकच व्हती, डाक्टर. तिच्यासारखी दुसरी मला बी झाली न्हाय. कापी निघत न्हाय म्हनलात, आता ही पोरगी कापी काढतीया न्हवं? मग कापी तुमी ठिवा, पुस्तकात घाला, खाली तिचं नाव घाला. खरी मला द्या. आन् आदी उघडा."

"आणि बिघडली तर?"

"आता बी मला तिचं डोळं दिसत न्हाईत. बिघडली तर तवा बी दिसनार न्हाईत. माझं काय जातंय? तुमचं काय जातंय, ते सांगा."

सुजाता खाली मान घालून उभी. तिची नोकरी व्हती ती, मला कळत व्हतं. डाक्टरनं त्या खोक्यातनं ती स्लाईड काढून टेबलावर ठिवली. मग म्हनला, "ब्लेड आण गं. आणि चिमटा."

सुजाता म्हनली, "सर, मी उघडू का? तुमचा हात..."

"नको. मी बसवली होती, मीच उघडतो."

खिडकीच्या उजेडात टेबलावर पांढरा कागद पसरला. काचंच्या कडंला चिकटपट्टी व्हती, वाळून पिवळी पडलेली, ती त्यानं ब्लेडनं हळूहळू कापली. हात थरथरायचा, तो थांबायचा, श्वास घ्यायचा, परत कापायचा. एका हातानं दुसरं मनगट धरून कापायचा. वरची काच उलशी हलली. खाली ब्लेडचं टोक घातलं. कर्र, असा आवाज आला, आन् तो म्हनला, "गेलं." मी डोळं मिटलं न्हाईत. मिटायचं काय कारन? वरची काच पट्टी घेऊन निघाली. एका कोपऱ्याचा रंग तिला चिकटून आला, तो निळ्या फडक्याचा व्हता. फडकंच व्हतं. जाऊ द्या फडकं.

फिलीम माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा उलशी मोठी. चिमट्यानं धरून त्यानं ती सुजाताच्या हातात दिली. सुजातानं हवा मारायचा रबरी फुगा दाबून तिच्यावरची धूळ उडवली, मशीनमधी ठिवली. मशीनमधनं उजेड सरकायला लागला. कम्प्युटरवर फोटू वरनं खाली येत व्हता, एकेक पट्टी करून. आदी निळं. मग तांबडं केस. मग कपाळ.

मग डोळं.

माझ्यावानी न्हवतं. मालक खोटं बोलायचे. मोठं व्हतं, काळं, पापन्या लांब, आन् डाव्या भुवईत एक भवरा व्हता, केसाचा. तो भवरा बघितला आन् समदी इंदू माझ्या ध्यानात आली, नाकासकट, आवाजासकट.

डाक्टर पडद्याच्या जवळ गेला. लई वाकून बघितलं. ज्या स्लाईडीवर समदं आयुष्य शिकवलं, तिचं डोळं तो बी आता नव्यानं बघत व्हता. इंदू क्यामेऱ्याकडं बघत न्हवती. वर, कडंला, फोटूच्या भाईर बघत व्हती. हात जिथनं आला व्हता, तिकडं.

"कुठं बघतेय ही?" त्यानं हळू इचारलं. मला न्हाय, सोताशीच इचारलं.

"माझ्याकडं," म्या म्हनलं, आन् हात फुडं केला. "आता आना तिला हिकडं."